जास्वंदीवाल्या काकूंचा अभिप्राय

बिरडं सोलायला बसलं की हात ओले आणि बोटांना सालं चिकटलेली. अशा हातांनी मोबाईल धरता येत नाही. म्हणून आमच्या घरी आपोआप वाटणी झाली होती. वन्संनी सोलायचं आणि मी वाचून दाखवायचं. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांची बोटं चपळ आणि डोळे अधू. माझं नेमकं उलटं. मी मोड आलेला वाल हातात घेतला की तो मोडणार हे ठरलेलं. वन्सं आमच्याकडे राहायला आल्या त्या आठवड्यातच त्यांनी वालाची परात माझ्यासमोरून ओढून घेतली, आणि खोटं कशाला बोलू, ते माझ्या पथ्यावरच पडलं.

आमची सुपारीची वाडी दिघीहून फार लांब नाही, समुद्राला लागून. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं आमच्याकडे जेवायला येतात. त्यांना केळीच्या पानावर बिरडं हवं असतं. ते ओरपून वर विचारतात, हे पाकिटात मिळतं का हो? मी हसून नाही म्हणते आणि आत येऊन जे बोलायचं ते बोलते. तर सांगायचं म्हणजे, दर गुरुवारी दुपारी आम्ही दोघी मागच्या पडवीत बसायचो, मध्ये परात, आणि ओटीवर झोपाळ्यावर आमचे हे, पेपर तोंडासमोर धरून. हे पेपर वाचत नसायचे. वाचत असते तर पान उलटल्याचा आवाज आला असता की नाही?

मोबाईलवर गोष्टी वाचायचं ते अ‍ॅप माझ्या मुलीने घालून दिलं होतं. त्यात कोण कोण कथा लिहितं, भागाभागाने, आणि प्रत्येक भागाखाली वाचणारे आपला अभिप्राय टाकतात. आम्हाला जी मालिका लागली ती एका डिटेक्टिव्ह बाईची. मुंबईत बंद पडलेल्या एका फोटो स्टुडिओच्या वर हिचं ऑफिस. गिऱ्हाईकं सगळी मेलेली. मुंबईत जी माणसं कुठेतरी बेवारस जातात, ज्यांच्या नावाने कोणी पाणी सोडलेलं नाही, ती हिच्याकडे येऊन बसतात आणि ही त्यांचं नाव-गाव शोधून काढते. एका भागात एक म्हातारा टॉवरच्या लिफ्टमध्ये वर-खाली करत असतो, कारण त्याची चाळ पाडून तिथेच टॉवर उभा केलाय आणि आपली खोली कितव्या मजल्यावर ते त्याला कळत नाही. त्या भागाला वन्सं इतक्या हसल्या आणि मग म्हणाल्या, त्याला कोणीतरी मजला सांगा गं.

प्रेम आहेच त्यात. त्याशिवाय आम्ही कशाला वाचू! एक पोलीस इन्स्पेक्टर आहे. त्याची आई आसरा, म्हणजे पाण्यातली. आमच्याकडे विहिरीवर आसरांची ओटी भरतात, तसल्यातली. त्यामुळे हा अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा. चैत्रातल्या उन्हातसुद्धा ह्याच्या शर्टाची कॉलर ओली. ती बाई त्याच्यावर ओरडते, तो गालात हसतो, दोघं मिळून भुतांची घरं शोधतात आणि वडापाव खातात. एवढ्यावर आमची वर्षभर करमणूक झाली.

खरं सांगते, आम्हाला गोष्टीइतकेच खालचे अभिप्राय आवडायचे. कोणी लिहायची, पुढचा भाग लवकर टाका, मला रात्रपाळीला हाच आधार आहे. कोणी एक दुबईतला गृहस्थ प्रत्येक भागाला तपासातली चूक काढायचा. पुण्याची एक होती, तिला इन्स्पेक्टर इतका आवडायचा की तिच्या नवऱ्याची मला काळजी वाटायची. मी हे सगळं आवाज काढून काढून वाचायचे. मग वन्सं म्हणायच्या, आता माझं लिही.

माझ्या खात्याला मी वाडीतल्या जास्वंदीचा फोटो लावला होता. त्यामुळे तिथे वन्संना सगळे जास्वंदीवाल्या काकू म्हणायचे. मी नुसती टाईप करणारी. वन्संचे अभिप्राय मोठे खमंग असायचे. एकदा त्यांनी सांगितलं, लिही, त्या पोलिसाला रोज उठून काय वडापाव खायला घालते, एकदा तरी गरम भात वाढ म्हणावं. लेखिकेने खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि पुढच्याच भागात त्या बाईने भात लावला, वर मेतकूट आणि तूप. वन्संचा आनंद काय विचारता. त्या दिवशी पानात वाढताना त्यांनी ह्यांना दोनदा ऐकवलं की मुंबईची लेखिका आपलं ऐकते.

आणि मग ते झालं. माहीमच्या खाडीत एक पोर बुडत होतं, म्हणजे पाण्यातल्यांनी ओढून नेलं होतं, आणि त्याला सोडवायला इन्स्पेक्टर पाण्यात उतरला. पोर वर आलं. हा नाही आला. ती बाई काठावर बसून राहिली. भाग तिथेच संपला.

दुसऱ्या गुरुवारी तो आला नाही. तिसऱ्या गुरुवारीही नाही. खाली अभिप्रायांचा नुसता पूर. त्याला आणा, नाहीतर मी अ‍ॅप काढून टाकीन. दुसरी म्हणे, मी जेवले नाही. मी रडून रडून ऑफिसला दांडी मारली. सगळ्यांचं म्हणणं एकच, तिने वाट बघावी, प्रेम खरं असेल तर तो येईल. लेखिकेनेही मग खाली विचारलं की वाचकहो, तुम्हीच सांगा, तिने काय करावं?

मी हे सगळं वाचलं तेव्हा वन्संच्या हातात वाल होता आणि तो त्यांनी सोलला नाही. परातीत तसाच ठेवला. पदराला हात पुसले. एरवी हात पुसायच्या त्या फक्त काम संपल्यावर.

"लिही," त्या म्हणाल्या. "तो गेला. त्या बाईला ताटकळत ठेवू नका. तिच्या हातून त्याचा पालाशविधी करवून घ्या आणि तिला मोकळी करा."

ओटीवरचा झोपाळा थांबला. मी लिहिलं, पण दोनदा खोडून.

का, ते सांगायला हवं. वन्संचं लग्न झालं ते श्रीवर्धनकडच्या घरात, एकुलत्या एका मुलाशी. तो बोटीवर होता, इंजिनात. लग्नानंतर राहिला थोडे दिवस, गेला, सुट्टीवर एकदा आला, पुन्हा गेला. मग एक दिवस कंपनीचा माणूस मुंबईहून आला आणि त्याने सांगितलं की सकाळी हजेरीला तो नव्हता, बोट मागे फिरवून शोधलं, सापडला नाही. मेला असं तो माणूस म्हणाला नाही. सापडला नाही, एवढंच म्हणाला. ते दोन शब्द वन्संच्या सबंध आयुष्याला पुरले.

वन्संच्या सासूबाई म्हणाल्या, माझा मुलगा येईल, कुंकू पुसायचं नाही. त्या होत्या तोवर वन्सं त्यांच्याजवळ राहिल्या, त्यांचं सगळं केलं. त्या गेल्या तेव्हा हे जाऊन बहिणीला घरी घेऊन आले. गळ्यात मंगळसूत्र, कपाळाला कुंकू आणि केस निम्मे पांढरे. मी दारात तुकडा ओवाळायला उभी होते आणि ह्या बाईला काय म्हणून आत घ्यावं, माहेरवाशीण म्हणून की कसं, मला काही कळेना. शेवटी मी म्हटलं, या वन्सं, चहा टाकते.

आमच्याकडे सवाष्ण जेवायला बोलावतात. नवरात्रात, मंगळागौरीला, कोणाकडे काही कार्य असलं की. गावातल्या काही जणी वन्संना बोलवायच्या, काही नाही. ज्या बोलवायच्या त्या कुंकू लावताना एकमेकींकडे बघायच्या, आणि ज्या नाही बोलवायच्या त्या दुसऱ्या दिवशी पुरणपोळी घेऊन यायच्या. मला त्या पोळीचा इतका राग यायचा! एकदा शेजारच्या घरातून आमंत्रण आलं आणि थोड्या वेळाने निरोप आला की संख्या पुरी झाली, पुढच्या वेळेस नक्की. वन्सं नेसून तयार होत्या. त्यांनी लुगड्याची घडी केली, कपाटात ठेवली आणि मला म्हणाल्या की मी कोण आहे ते या लोकांनी एकदा ठरवून टाकावं, मी काहीही व्हायला तयार आहे.

पण त्याहून त्यांना छळायचा तो पितृपक्ष. घरातल्या सगळ्या गेलेल्यांना पान वाढलं जायचं. कोण कुठले दूरचे चुलते, ज्यांची तोंडं कोणी पाहिली नाहीत, त्यांनासुद्धा. वन्संच्या नवऱ्याला नाही. कारण हा गेलेला नाही, सापडलेला नाही. वन्सं स्वयंपाक करायच्या, खीर, वडे, सगळं त्यांच्या हातचं, आणि शेवटी मागच्या दारी जाऊन उभ्या राहायच्या. एकदा त्यांनी मला विचारलं होतं की तो जर खरंच गेला असेल तर इतकी वर्षं त्याला कोणी जेवायला घातलं असेल का गं? मी खिरीची पातेली घासायला घेतली.

यावर शास्त्रात उपाय आहे. बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. मग तो गेला. मग त्याचं सगळं करता येतं. हाच पालाशविधी. तो वन्संना हवा होता, आणि करायचा कोणी तर ह्यांनी, कारण वन्संच्या सासरी कोणी पुरुषमाणूस उरलेलं नव्हतं. बायकोने स्वतः केलं तरी चालतं, असं भटजी म्हणाले होते, पण वन्संना भावाला डावलून करायचं नव्हतं. आणि हे ऐकत नव्हते. एरवी माझा नवरा बहिणीचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. हा विषय निघाला की उठून वाडीत जायचे, शिंपण्याला पाणी सोडायच्या निमित्ताने.

कारण मला माहीत होतं. मेहुणा, म्हणजे वन्संचा नवरा, सुट्टीवर आला होता तेव्हा त्याने ह्यांना पोहायला शिकवलं. हे तेव्हा लहान, पाण्याला घाबरणारे. त्याने पोटाखाली हात धरून महिनाभर ह्यांना समुद्रात नेलं आणि तयार करून सोडलं. आता साठीला आलेला माणूस अजूनही मला सांगतो की ज्याने मला पोहायला शिकवलं तो बुडेल कसा? कुठेतरी किनाऱ्याला लागला असेल. हे बोलताना त्यांचा चेहरा असा होतो की पुढे बोलवत नाही. दोघं बहीणभाऊ एकाच माणसासाठी झुरत होते आणि एकमेकांच्या आड येत होते.

तर वन्संचा अभिप्राय गेला आणि खाली लोक तुटून पडले. जास्वंदीवाल्या काकू, तुम्हाला झालंय काय? एकीने लिहिलं, काकूंना प्रेम म्हणजे काय हे माहीतच नसावं, जुन्या पिढीत लग्नं होत होती, प्रेम नाही. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मोबाईल परातीत फेकावासा वाटला. मी ते वन्संना वाचून दाखवणार नव्हते, पण त्यांना माझ्या आवाजावरून कळायचं मी काय गाळते ते. त्यांनी वाचायला लावलं. ऐकून म्हणाल्या, लहान आहे पोर, बोलू दे. आणि पुढचा वाल घेतला. मला वाटतं मी त्यांच्या वाटचंही चिडून घेतलं.

लेखिकेने मात्र वेगळंच विचारलं. काकू, हा पालाशविधी म्हणजे काय असतं, सविस्तर सांगाल का? वन्संनी सांगितलं, मी लिहिलं. पुतळा कसा बांधतात, पानं कुठे किती, नारळ कसा ठेवतात. इतक्या बारकाव्याने सांगत होत्या की मला कळलं, ह्यांनी हे मनात कितीदा केलंय. ओटीवर झोपाळ्याची कडी वाजत नव्हती.

आणि लेखिकेने ते लिहिलं! पुढच्या गुरुवारी भाग आला. ती डिटेक्टिव्ह बाई खाडीच्या काठावर पळसाची पानं घेऊन बसते. भुतं सगळी जमतात, लिफ्टमधला म्हातारासुद्धा येतो. ती पुतळा बांधते आणि म्हणते की मी तुला सोडत नाही रे, मी तुला जाऊ देते. मला पुढे वाचवेना. वन्संच म्हणाल्या, वाच, पुरं कर. मी पुरं केलं. वन्संच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात ओले म्हणून पुसता येत नव्हतं. त्या इतक्या वर्षांत माझ्यासमोर रडलेल्या नव्हत्या. मी माझ्या पदराने त्यांचे डोळे पुसले.

ओटीवरून हे उठले. मला वाटलं निघाले वाडीत. पण ते पडवीत आले, बहिणीसमोर खाली बसले. गुडघे दुखतात म्हणून हे कधी खाली बसत नाहीत.

"ताई," हे म्हणाले, "हरिहरेश्वरच्या भटजींना फोन करू?"

वन्संनी मान डोलावली.

वैशाखात केलं. नारळ वन्संनी स्वतः निवडला. आमच्याच वाडीतला, घरामागच्या माडाचा. दहा-बारा नारळ पुढ्यात घेऊन बसल्या होत्या आणि एकेक हातात घेऊन बघत होत्या. मी म्हटलं, वन्सं, कुठलाही चालेल की. त्या म्हणाल्या, त्याचं डोकं जरा लांबट होतं. मी तिथून उठून आत गेले आणि फडताळाला तोंड लावून रडले.

हरिहरेश्वरला सुट्टीची गर्दी होती. खाली किनाऱ्यावर पोरं उंटावर बसत होती, कोणी फोटो काढत होतं. आम्ही कडेला होतो. भटजींनी पानांचा माणूस मांडला. हे मंत्र म्हणत होते, अडखळत होते, भटजी पुन्हा सांगत होते. अग्नी द्यायची वेळ आली तेव्हा ह्यांनी बहिणीकडे पाहिलं. वन्सं म्हणाल्या, दे. हिरवी पानं लवकर पेट घेत नव्हती, धूर फार झाला. मग पेटली. नारळ तडकल्याचा आवाज झाला तेव्हा हे ओक्साबोक्शी रडायला लागले आणि वन्सं त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. ज्यांचा नवरा जळत होता त्या दुसऱ्याला समजावत होत्या. परत येताना गाडीत त्यांनी मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं आणि खिडकीतून बाहेर बघत बसल्या.

भाद्रपदात, पितृपक्षात, वन्संच्या नवऱ्याचं पहिलं पान वाढलं. सगळं वन्संनी केलं, आणि त्याला आवडायची म्हणून अळवाची भाजी. पान बाहेर ठेवलं आणि आम्ही दारात वळतोय तोच कावळा उतरला. भटजी खूश, हे खूश. किती लगेच घेतलंन, शांत झाला. वन्सं मात्र आत येऊन मला हळूच म्हणाल्या की एवढी काय घाई होती, जरा थांबला असता तर काय बिघडलं असतं. मी त्यांचा हात धरला.

तरी त्या बऱ्या होत्या. मी त्यांना इतकं बरं कधी पाहिलं नव्हतं. झोप लागायला लागली. गावातल्या बायकांना काय ते एकदा कळलं, पुरणपोळ्या यायच्या थांबल्या. कोणी विचारलं तर त्या सरळ सांगायच्या, आमचे हे गेले, बोटीवर होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या एक वाक्य पूर्ण बोलत होत्या. आमची गुरुवारची बैठकही पुन्हा सुरू झाली. ती डिटेक्टिव्ह बाई आता एकटीच तपास करत होती आणि वन्सं तिला सांगायच्या, नीट जेवत जा गं, एकटं माणूस जेवायचं टाळतं.

पण खालची मंडळी काही शांत झालेली नव्हती. प्रत्येक भागाखाली तेच. इन्स्पेक्टर नाही तर मजा नाही. कितीतरी जणांनी मालिका सोडली. दुबईच्या गृहस्थानेही लिहिलं की तर्काने पाहता प्रेत न मिळाल्याने तो जिवंत असणंच जास्त संभवतं. मी म्हटलं, आला मोठा तर्कवाला. पण लेखिकेची बिचारीची वाचकसंख्या घसरत असणार. दिवाळीनंतर तिने जाहीर केलं की वाचकांच्या आग्रहाखातर एक गोड धक्का देते आहे.

तो भाग मी आधी एकटीने वाचला. स्वयंपाकघरात उभ्याउभ्या. दारावर थाप पडते, ती बाई दार उघडते, आणि हा उभा. सगळा ओला, दाढी वाढलेली. म्हणतो, फार लांबून चालत आलोय गं, काही खायला आहे का? खाली हजारभर बदाम आणि फुलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अगं बाई, तू गोष्ट लिहितेस, तुला खोडता येतं. आमच्याकडे पुतळा जळला, त्याचं काय? तुझ्या भरवशावर केलं असं नाही म्हणत मी, पण तुझ्या गोष्टीने हे उठून पडवीत आले होते. आता वन्संना काय सांगू?

मी ठरवलं, वाचायचंच नाही. नेटवर्क नाही म्हणायचं. पण दुपारी परात मांडून वन्संनी विचारलं की आज गुरुवार ना, आणि मी नुसतं हं म्हटलं, तेवढ्याने त्यांना कळलं. वाच म्हणाल्या. काय असेल ते वाच.

मी वाचलं. शक्य तितक्या कोरड्या आवाजात, भराभरा. ओटीवर हे होते, त्यांनाही ऐकू जात होतं. दार उघडलं, तो उभा, ओला. खायला मागतो. ती बाई काही न बोलता भात लावते. भाग संपला. मी मोबाईल पालथा ठेवला आणि वन्संकडे बघायची हिंमत होईना.

त्यांनी विचारलं, "म्हणजे सगळं केल्यानंतरसुद्धा आला?"

मी म्हटलं, "अहो वन्सं, गोष्ट आहे ती. ह्या बायकांनी ओरडा केला म्हणून आणलं तिने. उगाच काहीतरी." आणि मग माझं तोंड सुटलं. मी त्या लेखिकेला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. म्हटलं, सांगा तुम्ही, चांगलं खरमरीत लिहिते. एकदा जे झालं ते झालं, असा खेळ करतात का माणसांशी. मी मोबाईल सरसावून बसले.

वन्सं फाटकाकडे बघत होत्या. आमच्या पडवीतून वाडीचं फाटक दिसतं, त्यापलीकडे वाळू. पुतळ्याला अग्नी दिल्यापासून त्यांनी तिकडे बघायचं सोडलं होतं. खरं म्हणजे त्याआधीही मी त्यांना कधी तसं बघताना पाहिलं नव्हतं. वाट बघत होते ते हे आणि वन्संच्या सासूबाई. वन्संना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की तो नाही. आणि आता, सगळं आटपल्यावर, त्या बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून मला भीती वाटली. त्यांना आता वाट बघता येत होती.

"लिहितेस ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, सांगा.

"लिही, आला ते फार बरं झालं. दमून आलाय, त्याला दोन दिवस झोपू दे." हातातला वाल त्यांनी अगदी हळू सोलला, दाण्याला जराही न लागू देता, आणि परातीत ठेवला. "आणि लिही, आता त्याला पुन्हा पाण्यावर पाठवू नका."